ज्याच्या हातून झेल सुटला, त्याच्याच तोंडून: ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’

लॉरेन्स रिटरचं ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ हे पुस्तक माझ्या घरात तीनदा आलं. पहिल्यांदा १९८७ च्या एप्रिलमध्ये, आमच्या घरमालकांच्या हातून. दुसऱ्यांदा विकत घेतलं, कारण पहिल्या प्रतीची पानं सुटून हातात यायला लागली होती. आणि तिसऱ्यांदा ते आवाज होऊन आलं. रिटरने ज्या टेपवरून हे पुस्तक लिहिलं, त्याच टेपमधल्या म्हाताऱ्या बेसबॉल खेळाडूंचे खरेखुरे आवाज. माझ्या कपाटात आज बेसबॉलची शंभराच्या वर पुस्तकं आहेत. त्यांतलं एकच ठेवायचं म्हटलं तर हेच ठेवीन, आणि ते ठरवायला मला क्षणभरही लागणार नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला आम्ही १९८६ च्या सप्टेंबरात राहायला आलो. खाली घरमालक, वरच्या मजल्यावर आम्ही. पत्नी गेल्यानंतर ते एकटेच असत, आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. २५ ऑक्टोबरच्या रात्री त्यांनी आम्हाला टीव्हीसमोर बसायला बोलावलं. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध मेट्स. मला खेळातलं काही कळत नव्हतं. एवढंच सांगितलं गेलं की रेड सॉक्सने १९१८ नंतर एकदाही विजेतेपद मिळवलेलं नाही आणि आज ते मिळणार आहे. दहाव्या इनिंगमध्ये बॉस्टन दोन धावांनी पुढे होतं, मेट्सचे दोन गडी बाद होते (तिसरा बाद झाला की खेळ संपला) आणि बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, कोणीही नव्हतं. आजोबा उठून उभे राहिले होते. मग एक फटका, दुसरा, तिसरा. एक पिच, म्हणजे बॅटरकडे टाकलेला चेंडू, भलतीकडे गेली आणि बरोबरी झाली. मग मूकी विल्सनने मारलेला एक साधा सरपटी चेंडू पहिल्या बेसजवळ उभ्या असलेल्या बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला. सामना संपला.

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला चेंडू हातून निसटणं समजावून सांगावं लागत नाही. मला समजलं नाही ते पुढचं. मालिका अजून संपलेली नव्हती, सातवा सामना बाकी होता. बकनरच्या चुकीआधीच बरोबरी झालेली होती. पण सातवाही हरल्यावर दुकानात, बसमध्ये, मी काम करायची त्या हॉस्पिटलच्या औषधविभागात, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. तो माणूस कारकिर्दीत सत्तावीसशेच्या वर हिट (बेस मिळवून देणारे फटके) मारून गेला, १९८० मध्ये नॅशनल लीगचा, म्हणजे दोन मुख्य लीगपैकी एकीचा, सर्वोत्तम सरासरीचा बॅटर होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा त्याचं नाव फक्त शिवीसारखं ऐकू यायचं.

आजोबांनी मात्र सगळा हिवाळा ते नाव घेतलं नाही. एप्रिलमध्ये नवा हंगाम सुरू झाला तेव्हा त्यांनी हे पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, “स्नॉडग्रासपासून वाच.”

त्यांच्या सांगण्यामागे काय होतं ते समजायला रिटरने हे पुस्तक कसं केलं ते माहीत असायला हवं. रिटर लेखक म्हणून प्रसिद्ध नव्हता. तो न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकवायचा, पैसा आणि बँकिंगवरची त्याची पाठ्यपुस्तकं होती. जुलै १९६१ मध्ये जुन्या काळचा नामांकित खेळाडू टाय कॉब गेला आणि रिटरला जाणवलं की विसाव्या शतकाच्या आरंभीचे खेळाडू एकेक करून संपत चालले आहेत, आणि त्यांना कोणी काही विचारलेलंच नाही. त्याच सुमाराला त्याचे वडीलही गेले होते. त्याने एक टेपरेकॉर्डर घेतला आणि १९६२ ते १९६६ या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून पंचाहत्तर हजार मैल प्रवास केला. म्हाताऱ्यांना शोधायचं, त्यांच्या बैठकीत बसायचं, टेप सुरू करायची आणि ऐकायचं, एवढंच त्याचं काम. १९६६ मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यात बावीस खेळाडू होते, १९८४ च्या आवृत्तीत आणखी चार आले.

सॅम क्रॉफर्ड कसा सापडला, ते तर मी भेटेल त्याला सांगते. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर, सर्वांत जास्त ट्रिपल (थेट तिसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके), ३०९, मारण्याचा विक्रम या माणसाच्या नावावर आहे आणि तो आजही मोडलेला नाही. क्रॉफर्डचा पत्ता नव्हता. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला पावणेदोनशे ते सव्वादोनशे मैलांवर, समुद्राजवळ कुठेतरी, एवढाच सुगावा. रिटर गावोगाव विचारत बेवूड पार्क नावाच्या लहानशा गावात पोचला. काही दिवस गेले, काही हाती लागेना. एका सकाळी तो कपडे धुवायला लाँड्रोमॅटमध्ये गेला. शेजारी एक उंच म्हातारा फाटकंतुटकं पुस्तक वाचत बसलेला. मशीन फिरत असताना सहज विचारलं, सॅम क्रॉफर्ड नावाच्या माणसाला ओळखता का? तोच क्रॉफर्ड होता. अर्थशास्त्राचा प्राध्यापक चार-पाच दिवस धीर धरून बसला नसता तर नेब्रास्काच्या वाहू गावातल्या त्या न्हाव्याच्या दुकानात काम शिकणाऱ्या पोराची, लाकडं वाहायच्या घोडागाडीत बसून गावोगाव सामने खेळत आणि टोपी फिरवून पैसे गोळा करत निघालेल्या त्या डझनभर मुलांची गोष्ट आपल्याला कोणी सांगितली असती?

आता स्नॉडग्रास.

१६ ऑक्टोबर १९१२. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उघडलेलं बॉस्टनचं फेनवे पार्क. वर्ल्ड सिरीजचा आठवा सामना, कारण दुसरा सामना अंधार पडल्याने बरोबरीत सोडावा लागला होता. न्यूयॉर्क जायंट्सनी दहाव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे आपल्या पाळीत, एक धाव काढून २–१ अशी आघाडी घेतली. खालच्या अर्ध्यात बॉस्टनचा पहिलाच बॅटर क्लाइड एंगल. त्याने सेंटर फील्डला, मैदानाच्या मागच्या मधल्या भागात, उंच चेंडू उडवला. सोपा झेल. जायंट्सचा फ्रेड स्नॉडग्रास चेंडूखाली आला आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हमधून निसटला. थोड्याच वेळात बॉस्टनने दोन धावा करून सामना आणि मालिका जिंकली. विजेत्या आणि पराभूत संघांना मिळणाऱ्या रकमेत सुमारे तीस हजार डॉलरचा फरक होता, म्हणून वर्तमानपत्रांनी त्या झेलाला ‘तीस हजार डॉलरची चूक’ असं नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं.

पुस्तकात स्नॉडग्रास हे सगळं स्वतः सांगतो. तो रडत नाही, सबबी देत नाही. पण त्याच्यानंतर काय काय घडलं ते मात्र क्रमाने, शांतपणे मांडतो. पुढचाच बॅटर हॅरी हूपर. त्याने त्याहून कितीतरी अवघड, खोल फटका मारला आणि स्नॉडग्रासने धावत जाऊन तो झेलला. मग एक वॉक, म्हणजे पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस. मग ट्रिस स्पीकरने पहिल्या बेसजवळ एक साधा फाउल (रेषेबाहेरचा चेंडू, झेलला तर बॅटर बाद) उडवला, तो चेंडू टाकणारा पिचर मॅथ्यूसन, बॅटरमागे बसणारा कॅचर चीफ मायर्स आणि पहिल्या बेसवरचा मर्कल या तिघांच्या मधोमध कोणीही न झेलता जमिनीवर पडला. स्पीकरला पुन्हा संधी मिळाली आणि त्याने हिट मारली. बरोबरी त्या हिटने झाली. हे सगळं एका इनिंगमध्ये झालं आणि इतिहासाने एकच झेल लक्षात ठेवला. १९८६ मध्येही दहावीच इनिंग होती. आजोबांनी मला पुस्तक का दिलं ते या पानावर मला कळलं.

स्नॉडग्रास पुढे कॅलिफोर्नियात बँकेत होता, ऑक्सनार्ड शहराचा महापौर झाला. तो सांगतो की पन्नासहून अधिक वर्षं नवा भेटलेला माणूस काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मग यांना वाईट वाटेल म्हणून मध्येच थांबायचा. ते थांबणं वाचताना माझ्या पोटात अजूनही कालवतं. १९७४ मध्ये तो वारला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने मृत्यूच्या बातमीच्या मथळ्यातही तो झेल आणला.

आणि रिटरचं मोठेपण हे की त्याने इथे थांबून आपल्याला काही समजावून सांगितलेलं नाही. त्याने फक्त त्या दिवशी मैदानावर असलेली इतर माणसंही शोधून काढली. ज्याच्या फटक्यावर तो अवघड झेल घेतला तो हूपर पुस्तकात आहे, आणि स्नॉडग्रासच्या त्या झेलाचं तो मनापासून कौतुक करतो. हूपरने स्वतः त्याच सामन्यात लॅरी डॉइलचा फटका प्रेक्षकांच्या अंगावर कोसळत झेलला होता. बॉस्टनचा पिचर स्मोकी जो वुड पुस्तकात आहे. त्या हंगामात त्याने ३४ सामने जिंकले होते. मायर्सचा जोरदार फटका त्याच्या अंगावर आदळला, तरी चेंडू उचलून त्याने मायर्सला बाद केलं, आणि त्या मारामुळे त्याच्या जागी एंगलला बॅटिंगला यावं लागलं. म्हणजे तो प्रसिद्ध झेल उडवणारा माणूस मैदानात आला तोच मुळी असा! आणि तो फटका मारणारा चीफ मायर्सही पुस्तकात आहे. चार म्हातारे, चार घरं, पन्नास वर्षांनंतरची चार बोलणी. मी ही चार प्रकरणं पहिल्यांदा सलग वाचली त्या रात्री झोपले नाही. तुम्हीही पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. स्नॉडग्रास, हूपर, वुड, मायर्स या क्रमाने वाचा, मग सुरुवातीला या.

मर्कलचं नाव वर आलं. १९०८ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो दुसऱ्या बेसला पाय न लावता मैदानाबाहेर धावला आणि जिंकलेला सामना बरोबरीत गेला, त्यातून जायंट्सचं त्या वर्षीचं विजेतेपद गेलं. ज्याच्या हिटवर हे घडलं तो अल ब्रिडवेल पुस्तकात म्हणतो की आपण तेव्हा हिट मारण्याऐवजी बाद झालो असतो तर बरं झालं असतं, त्या पोराच्या वाट्याला जे आलं ते आलं नसतं. आपली हिट परत द्यायला तयार असलेला खेळाडू मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

भाषेबद्दल खास सांगायला हवं, कारण मराठी वाचक नेहमी हेच विचारतात. इंग्रजी सोपं आहे. माणसं बोलली तसं लिहिलेलं, छोटी वाक्यं, मध्येच “बरं का” म्हणून पुढे सरकणारं. मी शेवटपर्यंत वाचून संपवलेलं हे पहिलं इंग्रजी पुस्तक. खेळाचे नियम माहीत नसले तरी अडत नाही, अर्ध्याहून जास्त पुस्तक रेल्वेच्या प्रवासाबद्दल, घरून झालेल्या विरोधाबद्दल, बापाशी झालेल्या अबोल्याबद्दल आहे. फोटोही भरपूर आहेत.

दोष आहेत, आणि ते लपवायचे नाहीत. रिटरने स्वतःचे प्रश्न पुस्तकातून काढून टाकले आहेत. म्हणून म्हातारे एका दमात, न थांबता बोलले असं वाटतं, तसं अर्थातच झालेलं नाही. आणि आठवणी म्हणजे नोंदी नव्हेत. डेव्ही जोन्स सांगतो ती जर्मनी शेफरची गोष्ट घ्या. शेफर दुसरा बेस चोरतो, म्हणजे फटका नसताना पिचच्या वेळी पळून तिथे पोचतो, कॅचर चेंडू फेकत नाही म्हणून पुढच्या पिचवर उलटा पळून पुन्हा पहिल्या बेसवर येतो आणि मग पुन्हा दुसरा चोरतो! जोन्स हे १९०८ चं, डेट्रॉइटकडून खेळतानाचं म्हणून सांगतो. जुनी वर्तमानपत्रं चाळणाऱ्यांना पक्का सापडतो तो १९११ चा प्रसंग, आणि तेव्हा शेफर वॉशिंग्टनकडून खेळत होता. रूब मार्क्वार्डच्या घरातून पळून जाण्याच्या गोष्टीतही अभ्यासकांनी बऱ्याच गाठी काढल्या आहेत. मला याने पुस्तक कमी वाटत नाही, पण तारीख हवी असेल तेव्हा मी हे पुस्तक उघडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. सगळे आवाज मेजर लीगचे आहेत, आणि १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरेपर्यंत विसाव्या शतकात काळ्या खेळाडूंना त्या लीगचं दार बंद होतं. मायर्स हा कहुइया या मूळ अमेरिकी जमातीचा, डार्टमथ कॉलेजात शिकलेला. त्याच्या प्रकरणात वर्णाचा प्रश्न जवळून जाणवतो. पण काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगमधला एकही म्हातारा या पुस्तकात बोलत नाही. १९६२ मध्ये त्यांच्यातले कितीतरी जिवंत होते, त्यांच्याही दारात कोणीतरी टेप घेऊन जायला हवं होतं. म्हणून मी ज्यांना हे पुस्तक देते त्यांना रॉबर्ट पीटरसनचं १९७० चं ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ सोबत वाचायला सांगतेच. एकावाचून दुसरं वाचलं तर चित्र अर्धंच राहतं.

बाकीच्या कपाटाबद्दल थोडक्यात. जिम बाउटनचं ‘बॉल फोर’ धाडसी आहे, ड्रेसिंग रूममधलं सगळं बाहेर काढणारं, पण मी ते दोनदाच वाचलं. रॉजर कानचं ‘द बॉइज ऑफ समर’ मला फार प्रिय आहे. ब्रुकलिन डॉजर्सचे खेळाडू मध्यमवयात काय झाले ते बघायला तो त्यांच्या घरी जातो, आणि ती वाट रिटरने आधी चाललेली होती असं मला नेहमी वाटतं. मायकेल लुइसचं ‘मनीबॉल’ माझ्या मुलाचं आवडतं. आकड्यांनी खेळ कसा बदलला ते त्यात उत्तम आहे. पण आकडा आणि माणूस यांच्यातली फट ज्याला बघायची आहे त्याने रिटरकडेच यावं.

कुठली प्रत घ्यावी? हार्पर पेरेनियलची पेपरबॅक सहज मिळते आणि तिच्यात सगळे सव्वीस खेळाडू आहेत. वाचनालयांच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतही हे पुस्तक हमखास दिसतं. मी एकदा एक डॉलरला दोन प्रती आणल्या आणि वाटून टाकल्या. जुनी प्रत घेताना मात्र १९८४ च्या आधीची आहे का ते पाहा, कारण तिच्यात हँक ग्रीनबर्ग नसेल. ऑनलाइन मागवलेल्या एका जुन्या प्रतीत मला मार्क्वार्डच्या प्रकरणाची चार पानंच नव्हती. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण हातात आल्यावर पानं मोजून घ्यायची सवय मला तेव्हापासून लागली.

ऑडिओमध्ये सगळे खेळाडू नाहीत, म्हणून ते पुस्तकाऐवजी नको, पुस्तकानंतर घ्या. पण घ्याच. रात्रपाळीहून परतताना मी ते गाडीत ऐकायची. टेप जुन्या आहेत, कुठे खरखर आहे. एखादा म्हातारा स्वतःच्याच गोष्टीवर हसायला लागतो आणि हसता हसता त्याचा दम लागतो, ते कुठल्याही कागदावर उतरणार नाही. छापलेल्या पानावर क्रॉफर्ड सफाईदार वाटतो. टेपवर तो शब्द शोधत थांबतो आणि ते मला जास्त आवडतं. कितीदा तरी घरासमोर गाडी थांबवून मी प्रकरण संपेपर्यंत आत बसून राहिले आहे.

या पुस्तकाने त्या म्हाताऱ्यांचं प्रत्यक्ष भलंही केलं. पुस्तकाच्या कमाईतला वाटा रिटरने त्यांच्याबरोबर वाटून घेतला. आणि पुस्तक आल्यानंतर पाच वर्षांच्या आत गूस गोसलिन, स्टॅन कोव्हेलेस्की, हॅरी हूपर आणि रूब मार्क्वार्ड असे चौघं हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या यादीत, गेले. लोकांना ते पुन्हा आठवले ते या पानांमुळे, असं पुष्कळ जण मानतात, मीही मानते. स्नॉडग्रास गेला नाही.

८ एप्रिल २००८ ला बकनर फेनवे पार्कवर सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू फेकायला आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, थांबेचनात, आणि तो डोळे पुसत होता. मी लगेच आजोबांना फोन लावला. ते तेव्हा वृद्धाश्रमात होते, तिथे टीव्ही लागलेलाच होता. ते सामन्याबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, “ते पुस्तक आहे का गं अजून?”

आहे. पानं सुटलेली पहिली प्रत मी दोऱ्याने बांधून ठेवली आहे. तिच्यात स्नॉडग्रासच्या प्रकरणात एक स्कोअरकार्ड घडी घालून ठेवलेलं आहे. एका हिवाळ्यात मी त्या चौघांच्या सांगण्यावरून १९१२ ची ती दहावी इनिंग पेन्सिलने भरली. बेसबॉलच्या स्कोअरकार्डात सेंटर फील्डरचा आकडा आठ. एंगलच्या चौकोनात ‘ई-८’ आहे, म्हणजे आठ नंबरची चूक. त्याच्यानंतर लगेच आलेल्या हूपरच्या चौकोनात ‘एफ-८’ आहे, म्हणजे आठ नंबरने झेलला. दोन्हीकडे तोच माणूस.